दादारावकाकांना पटवताना

दादारावकाकांना हवामानबदल पटवून द्यायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यावर आत्ताच्या मानाने बरेच केस होते, आमच्या छताला एकही भोक नव्हतं आणि टेक्ससमधल्या आमच्या प्लेनो गावातली मराठी मंडळी मला समंजस माणूस समजत होती. आता यातलं काहीही शिल्लक नाही.

कल्पना माझी नव्हती. आमची अनया हायस्कुलात आहे आणि जगाची काळजी करण्याचं काम तिने माझ्याकडून केव्हाच काढून घेतलं आहे. तिने मला लायब्ररीतल्या एका वर्कशॉपला ओढून नेलं. विषय होता, हवामानबदल न मानणाऱ्यांशी कसं बोलावं. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज इतका मृदू होता की त्यांच्याशी कुणाचं भांडण झालं असेल तरी त्यांना ते कळलं नसावं. त्या म्हणाल्या, वाद घालायचा नाही. समोरच्याचं शांतपणे ऐकायचं आणि त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला मान दिल्यासारखं वाटतं. 'हवामानबदल' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. रोजच्या जगण्यातले फायदे दाखवायचे. माणूस आपोआप वळतो.

"आता डोळे मिटा आणि ज्याच्याशी बोलायचंय तो माणूस समोर आणा," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. समोर दादारावकाका उभे राहिले. हाफपँट, हातात पाण्याचा पाइप, आणि चेहऱ्यावर 'बोल, काय बोलतोस' असा भाव.

काका आमच्या शेजारच्या घरात राहतात. मूळचे अमरावतीकडचे, केमिकल इंजिनियर. सगळी नोकरी टेक्ससच्या समुद्रकाठच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत झाली. मी नागपूरहून नवीन आलो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलो, रमाबाईकाकूंच्या हातची भाकरी खाल्ली आणि हायवेवर गाडी चालवायला काकांकडून शिकलो. इथली चौदा एप्रिलची जयंती काकांशिवाय होत नाही. देव, दैव, ज्योतिष, वास्तुशास्त्र, या सगळ्यांना त्यांनी आयुष्यभर झोडपलं. आणि हवामानबदलालाही त्यांनी त्याच रांगेत नेऊन बसवलं, हे माझं दुर्दैव. (हा शब्दही मी त्यांच्यासमोर वापरू शकत नाही.)

"काऊन बे विवेक," ते म्हणायचे, "लहानपणी गावात सांगायचे, पाप वाढलं म्हणून पाऊस पडत नाही. तेव्हा मी ऐकलं नाही. आता हे लोक तेच इंग्रजीत सांगतात, तर ऐकू?"

इथे कुणीही गप्प झाला असता. मी झालो नाही, कारण काकूंचा चेहरा दिसत होता. काकूंना फुप्फुसांचा त्रास. ऑक्सिजनचं मशीन घरात दिवसभर घरघरत असतं. दर उन्हाळ्यात त्यांचं बाहेर येणं आणखी कमी होत चाललं होतं. आधी अंगणात यायच्या, मग फक्त ओट्यावर, आता खिडकीपाशी. शेजारच्या माणसाला हे दिसतं आणि नवऱ्याला दिसत नाही, याचा मला फार त्रास व्हायचा.

तर मी आदरयुक्त संवादाला सुरुवात केली. काकांना चहाला बोलावलं आणि ऐकायला बसलो.

आता एक गोष्ट त्या बाईंनी सांगायला हवी होती. ज्या माणसाचं आजवर कुणीच पूर्ण ऐकून घेतलेलं नाही, त्याचं ऐकून घेतलं तर तो थांबत नाही. काका सूर्यावरच्या डागांपासून निघाले, हिमयुगात गेले, तिथे बराच वेळ थांबले आणि जेवायच्या वेळेला युरोपातल्या द्राक्षांपाशी पोचले. मी नियमाप्रमाणे मधूनमधून म्हणत होतो, "म्हणजे काका, तुम्हाला असं म्हणायचंय, की हे सगळं सूर्यामुळे होतं."

"करेक्ट!" काका मांडीवर थाप मारायचे. माझ्या मांडीवर.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले. तिसऱ्या दिवशी येताना बिस्किटं घेऊन आले. प्रणिता, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलमधून थकून यायची आणि सोफ्यावर हिमयुग चालू असायचं. "तू त्यांना कधी सांगणारेस?" तिने एकदा स्वयंपाकघरात विचारलं. मी म्हटलं, "सांगायचंच नसतं. ती जुनी पद्धत झाली." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती गोळ्या वेळेवर न घेणाऱ्या पेशंटकडे पाहत असावी.

परिणाम दिसला तो मराठी मंडळींच्या महिन्याच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. मी ताटात भात वाढून घेत होतो, तर नेहमी माझ्याशी अदबीने बोलणारी जागृती लांबूनच म्हणाली, "विवेकदादा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मला वाटलं, भात जास्त घेतला. मी थोडा परत टाकला. तेवढ्यात तिचा नवरा रवी जवळ येऊन कुजबुजला, "यार, तू पण? काका सगळ्यांना सांगतायत, विवेकला पूर्ण पटलंय म्हणून. म्हणाले, पोरगा स्वतःहून सगळा मुद्दा परत सांगतो, माझ्यापेक्षा सोपा करून."

समोरच्या कोपऱ्यातून काकांनी मला हात केला. त्यांच्याभोवती चारपाच माणसं जमली होती. काका माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होते.

घरी येताना अनया गाडीत मागे बसून एवढंच म्हणाली, "डॅड, यू आर लिटरली स्प्रेडिंग इट." आणि कानात इअरफोन घातले, ते पुढे आठवडाभर काढले नाहीत.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मध्यमवर्गीय आहे, मी फायद्यांकडे वळलो.

टेक्ससमध्ये लाइट जाते. आपल्याकडच्यासारखी रोज थोडी थोडी नाही, पण एखाद्या वादळाने गेली की जीव काढते. मी ठरवलं, छतावर सोलर पॅनेल आणि गॅरेजमध्ये बॅटरी. सगळ्या गल्लीत अंधार आणि आमच्या घरात पंखे चालू, हे काकांनी एकदा पाहिलं की मला एक अक्षर बोलावं लागणार नाही. "आणि काकू," मी उत्साहाने सांगितलं, "लाइट गेली की तुम्ही सरळ आमच्याकडे यायचं. मशीन आमच्या बॅटरीवर चालेल." काकू हसल्या. "येईन ना रे," म्हणाल्या. हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं निम्मं दुःख वाचलं असतं.

इथे प्रत्येक वसाहतीची एक कमिटी असते. आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीसारखीच, फक्त नकार देताना जास्त गोड बोलते. कमिटीच्या शेरिलबाईंनी मला कळवलं की पॅनेल त्यांनाही मनापासून आवडतात, मात्र ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. मागची बाजू उत्तरेला. तिथे ऊन पडत नाही. मी तसं कळवलं. त्यांनी सहानुभूती कळवली. शेवटी पश्चिमेची बाजू ठरली, पण ती काकांच्या घरातून दिसते, म्हणून काकांची संमती हवी.

म्हणजे ज्यांना पटवण्यासाठी पॅनेल लावायची, त्यांना आधी पॅनेल पटवायला हवी होती. मी पाय ओढत गेलो. काकांनी लगेच सही केली. "प्रयोग आहे ना? प्रयोगाला मी कधी नाही म्हणत नाही," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून घडीची खुर्ची घेऊन सावलीत, आमच्या छताकडे तोंड करून, टेस्ट मॅच पाहायला बसल्यासारखे बसू लागले.

त्यांना खेळ चांगला पाहायला मिळाला. कामाची माणसं आली आणि म्हणाली, छत गारांनी खराब झालंय, आधी छत बदला. छत बदललं. मग पॅनेलची माणसं यायला तयार नव्हती, कारण ती आता दुसऱ्या गावात अडकली होती. समोर राहणारा ड्वेन, हायस्कूलचा फुटबॉल कोच, रोज कुत्र्याला फिरवताना थांबून सांगायचा, "गारा पडल्या की सगळी काच खाली येणार, मित्रा." त्याचा स्वर असा असायचा, जणू गारांशी त्याचं बोलणं झालंय. रवीचं म्हणणं होतं की आणखी दोन वर्षं थांबलो असतो तर बॅटऱ्या सुधारल्या असत्या. पॉटलकमधल्या उरलेल्या सगळ्यांचं म्हणणं होतं की मी हवामानबदल मानत नाही तर पॅनेल कशाला लावतोय.

पॅनेल लागली त्या आठवड्यात पाऊस झाला आणि बेडरूमच्या कपाटात पाणी आलं. प्रणिताची लग्नातली पांढरी पैठणी होती त्याच खणात. बाकी सगळे खण कोरडे. तिने साडी बाहेर काढली, बाथरूममध्ये दोरीवर टाकली आणि काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर मी तिचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगणार होतो.

मग शहराचा इन्स्पेक्टर आला. सगळं पाहिलं, मान डोलावली आणि नापास केलं. बॅटरीवरचं लाल स्टिकर हवं होतं त्यापेक्षा लहान होतं. मोठं स्टिकर आणेपर्यंत तो सुट्टीवर गेला. परत येऊन त्याने पास केलं, तर वीज कंपनीची परवानगी बाकी निघाली. ती येईपर्यंत बटण चालू करायचं नाही, म्हणून बटणाला छोटं कुलूप आणि चिठ्ठी लावली. मी रोज फोन करायचो. रोज एक यंत्र मला सांगायचं की माझा अर्ज त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. इतकं महत्त्व मला लग्नातही कुणी दिलं नव्हतं.

"काय रे, किती वीज झाली आज?" काका खुर्चीतून विचारायचे.

"परवानगी यायचीय, काका."

"म्हणजे सूर्य तयार आहे, कंपनी नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ते माझ्या अंगणाला पाणी घालायचे.

आणि मग ते वादळ आलं. ऑगस्टची दुपार होती. वारा असा सुटला की ड्वेनची कचऱ्याची टाकी आमच्या दारात येऊन बसली. पाऊस थोडासाच पडला, पण दूर कुठेतरी धडाड आवाज झाला आणि सगळ्या गल्लीतले एसी एकदम बंद पडले. असली शांतता मी अमेरिकेत ऐकली नव्हती. वादळ गेलं, ऊन पुन्हा पडलं आणि घरं भट्टीसारखी तापू लागली.

आमच्या छतावर ती सगळी पॅनेल उन्हात चमकत होती. घरात पंखा फिरत नव्हता.

मी फोनवर यंत्राचं बोलणं ऐकत होतो, तेवढ्यात दार वाजलं. दारात काकू. एका हाताने काकांचा आधार, नाकाला नळी, मागे लहान सिलिंडरची गाडी. काकांच्या काखेत ते मोठं मशीन.

"आले बघ," काकू धापा टाकत म्हणाल्या. "तू म्हणाला होतास ना."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. प्रणिताने त्यांना खुर्चीत बसवलं, नाडी पाहिली, सिलिंडरचा काटा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "हा सिलिंडर संध्याकाळपर्यंत चालेल. पुढे काय?"

"आमचा जनरेटर आहे," काका म्हणाले. आवाजात जुनी ऐट होती. आम्ही दोघांनी त्यांच्या गॅरेजमधून तो ओढून काढला. काकांनी दोरी खेचली. जनरेटर खोकला. मी खेचली. तो खोकलाही नाही. काकांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. केव्हातरी भरून ठेवलेलं पेट्रोल आत घट्ट होऊन चिकटलं होतं.

"आयुष्यभर पेट्रोल बनवलं मी," ते हळूच म्हणाले. "पोरांना शिकवलं, फार दिवस ठेवू नका म्हणून."

मला टोमणा मारता आला असता. सुचलाच नाही. काका टाकीचं झाकण पुन्हापुन्हा घट्ट लावत होते.

आम्ही परत आलो. प्रणिता म्हणाली, "कुलूप तोड."

मी पक्कड घेऊन बॅटरीसमोर उभा राहिलो. कुलूप इतकं लहान होतं की दातानेही तुटलं असतं. पण त्याच्या शेजारच्या चिठ्ठीवर 'कायदेशीर कारवाई' लिहिलं होतं, आणि आमच्या ग्रीन कार्डची फाइल कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. मी ओव्हरस्पीडिंग करत नाही. मी लायब्ररीचं पुस्तक उशिरा देत नाही. आतून काकूंचा खोकला ऐकू येत होता आणि मी उकाड्याने निथळत, हातात पक्कड घेऊन, विचार करत होतो. पक्कड कुलपाला लावली, हे मात्र मी शपथेवर सांगतो. दाबणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"सगळं ठीक ना, मित्रा?"

ड्वेन होता. कचऱ्याची टाकी न्यायला आला होता. मी सगळं सांगितलं. तो टाकी तिथेच सोडून म्हणाला, "अरे, मग माझा ट्रक आहे ना," आणि गेला. दोन मिनिटांत त्याचा तो अवाढव्य पिकअप आमच्या ड्राइव्हवेवर मागे मागे येत उभा राहिला. त्याने एक झाकण उघडलं. आत चक्क घरातल्यासारखे सॉकेट. त्याने नारिंगी वायर आत ओढली, प्रणिताने मशीनचा प्लग लावला आणि मशीन घरघरू लागलं. मग ड्वेनने घरून पंखा आणला. मग त्याच्या बायकोने बर्फ आणला.

काकूंची धाप हळूहळू कमी झाली. त्यांनी डोळे मिटले. काका त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसून राहिले, हात धरून.

थोड्या वेळाने मी बाहेर आलो. "ड्वेन," मी विचारलं, "हा ट्रक इलेक्ट्रिक आहे?"

"हो तर."

"म्हणजे तू... पर्यावरणासाठी?"

ड्वेन मनापासून हसला. "तो सगळा बकवास आहे, मित्रा. माझी बोट ओढतो ना हा. तीसुद्धा चढावर!"

त्याच्याशी आजवर कुणीही आदरयुक्त संवाद केला नव्हता.

तिथे माझा बांध फुटला. काका मागे येऊन उभे होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि वर्कशॉपमध्ये शिकलेलं सगळं एका दमात मोडलं. "काका, पृथ्वी तापतेय! आपण तापवतोय! सूर्यावरचे डाग नाही, हिमयुग नाही, आपण! तुम्ही बनवलेलं ते पेट्रोल आणि मी जाळलेलं. काकूंना खिडकीपाशी बसावं लागतं ते त्याच्यामुळे, आणि तुम्ही माझ्या अंगणात पाणी घालत बसलाय!"

समोरच्या घरांचे पडदे हलले. अनया दारात उभी होती, इअरफोन काढून.

काका एक पाऊल पुढे आले. चिडले नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, पण भलत्याच गोष्टीचं.

"हे तुझं मत होतं?" ते म्हणाले. "मग इतके महिने 'म्हणजे काका तुम्हाला असं म्हणायचंय' करत काऊन बसला होतास बे? मला वाटलं, घरात कुणीतरी आपलं ऐकतंय."

मी आत जाऊन काकूंसाठी आणलेला बर्फ फोडायला लागलो.

लाइट दुसऱ्या दिवशी आली. आमची परवानगी त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आली. त्या दिवसापासून पॅनेल व्यवस्थित चालू आहेत आणि लाइट एकदाही गेलेली नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग कुणालाही दिसलेला नाही. पैठणीवरचा डाग गेला नाही. काकांनी मात्र ड्वेनबरोबर शोरूममध्ये जाऊन एका दुपारीत तसाच ट्रक घेतला. ड्वेन फक्त "घेऊन टाका" एवढंच म्हणाला म्हणे.

"सो ही चेंज्ड हिज माइंड?" अनयाने आशेने विचारलं.

"माइंड नाही," मी म्हटलं. "गाडी बदलली."

काका आता पॉटलकला सगळ्यांना ट्रकचे सॉकेट उघडून दाखवतात आणि त्याच श्वासात हवामानबदल कसा थोतांड आहे ते सांगतात. माझ्याकडे ते रोज येत नाहीत. आले तर दोन वाक्यं बोलून, "तुझं काय मत?" असं आधी विचारतात. मी सांगतो. ते मान हलवतात आणि बिस्किट न घेता जातात. चहाचं हिमयुग बरं होतं असं प्रणितासुद्धा म्हणाली एकदा.

गेल्या रविवारी मात्र त्यांनी दारात हॉर्न वाजवला. काकूंना फिरवायला नेणार होते, मला मागे बसवलं. काकू पुढे, मशीन ट्रकच्या सॉकेटवर. पुष्कळ महिन्यांनी त्या गल्लीबाहेर पडल्या होत्या आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत होत्या. काकांनी एसी पूर्ण सोडला होता, तरी उन्हाने गाडी आतून तापली होती. काकांनी कपाळ पुसलं. मग आरशात माझ्याकडे पाहून अगदी हळू, जपून म्हणाले, "विवेक, एक सांगू? पूर्वी इतकं तापायचं नाही रे. मी इथे आलो तेव्हा याच दिवसांत आम्ही दुपारी बाहेर जेवायचो. काहीतरी बदललंय, खरं."

मी पुढे वाकलो. काकूंनीही मान वळवली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काय बदललंय, काका?"

काकांनी सिग्नलला गाडी थांबवली आणि खूप विचार केला. सिग्नल हिरवा झाला तरी ते विचार करत होते. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"काही नाही रे," ते उसासा टाकून म्हणाले. "माझं वय झालं."